तरंगणारी वसाहत

सांगलीच्या पूरक आहार परीक्षण केंद्राची प्रयोगशाळा चौथ्या मजल्यावर होती. खिडकीतून हळदीच्या पेठेवरून जाणारे मालफुगे दिसत. पोती पोटाशी धरून ते इतके संथ सरकत, की बघता बघता डोळा लागावा. डॉ. हेमांगी सूर्यवंशी बराच वेळ त्यांच्याकडेच बघत होती. समोरच्या पडद्यावरचा निकाल तिला पाठ झाला होता.

वजन उतरवणाऱ्या पुड्या बाजारात ढिगाने येतात. त्यातली कोणती विकत घेण्यासारखी आहे, हे लोकांना सांगणं हे केंद्राचं काम. सध्याच्या पुडीचं नाव होतं ‘पीस’. तिच्यात तरळजंतू होता. हा जंतू आतड्यात ठाण मांडून बसतो आणि आपण खाल्लेल्या अन्नावर आपल्याआधी ताव मारतो. आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं. पुडीतल्या खास साखरेवर तो जगतो आणि पुडी बंद केली की मरतो, असं कंपनी सांगत होती. म्हणजे पुडी रोज विकत घ्यायची. असे आज्ञाधारक जंतू कंपन्यांना फार आवडतात.

चाचणी हेमांगीने स्वतःच्याच वसाहतीत घेतली होती. पाणी एक, बाजार एक, माणसं ओळखीची आणि पुडी न चुकता घेणारी. निम्म्या घरांना खरी पुडी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत नुसतं तांदळाचं पीठ. पाण्यातून ती घशाखाली उतरेना, तेव्हा दह्यात कालवून घ्या, असं तिनेच सुचवलं.

आणि दोन्ही गटांचं वजन सारखंच उतरलं. पिठाने जे केलं तेच जंतूने केलं, तर ‘पीस’साठी पैसे कशाला घालवायचे? अहवालावर सही करायची आणि मोकळं व्हायचं.

जंतुशास्त्रज्ञ फिरोज मुजावर मात्र सही करू देईना. सगळ्यांनाच हवेत तरंगल्याची स्वप्नं कशी पडतात, एवढंच त्याचं टुमणं होतं. शेजारच्या शिंत्रे वहिनी स्वप्नात गच्चीवरून उठून देवळाच्या कळसाला हात लावून येत. त्यांना तर पिठाची पुडी होती. बागेत बसून बायका एकमेकींना स्वप्नं सांगतात, मग सगळ्यांनाच तशी पडू लागतात, असं म्हणून हेमांगीने विषय मिटवला.

खरं तर तिचं कशात लक्षच नव्हतं. तिचे वडील, अप्पा, दिवसेंदिवस वाळत चालले होते. मुळात काटकुळे, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेतून कसेबसे उठलेले. आता गालफडं पार बसली होती. जुनं दुखणं परत आलं असावं, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. त्या कागदाकडे बघायचंही तिला धैर्य होत नव्हतं. आई गेल्यापासून तिला अप्पांशिवाय कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना अप्पा अगदी खुशीत होते. स्वप्नात कृष्णेवर धुकं होतं, म्हणाले, आणि ते धुक्याच्या वर होते. पूल खाली राहिला. हात हलवावे लागत नव्हते, नुसतं मनात आणलं की पुढे. कुठेच दुखत नव्हतं.

हेमांगीने बशी खाली ठेवली. अप्पा कुठल्याच गटात नव्हते. बागेत ते कधी जात नसत.

तिने त्यांना तडक प्रयोगशाळेत नेलं. मुजावरने श्वासदर्शक काढला. एरवी तक्रार आल्याशिवाय ते यंत्र कोणी कपाटाबाहेर काढत नसे. अप्पांनी नळीत फुंकर मारली आणि पडद्यावर तरळजंतूची हिरवी रेघ उभी राहिली. आधी तपासलेल्या कुठल्याच माणसाची तिने एवढी ठळक रेघ पाहिली नव्हती.

“अप्पा रात्री काय खातात?” मुजावरने विचारलं.

“दहीभात. मी दह्याला शिवत नाही, पण त्यांना रोज लागतो.”

“विरजण कुणाचं?”

“शिंत्रे वहिनींकडून आणलं होतं.”

“आणि त्यांनी कुणाकडून आणलं, ते आता विचारायलाच नको, ताई. कुणीतरी पुडी कालवली, भांड्यात चमचाभर दही उरलं, त्याचंच पुढचं विरजण लागलं. पुडीतली साखर मिळाली नाही तर मरतो म्हणे! दुधात साखर असते की. तो दुधात मजेत राहिलाय. कंपनीनं चाचणी घेतली ती दही दुकानातून आणणाऱ्या लोकांवर.”

“म्हणजे पिठाचा गट नव्हताच.”

“एकच गट होता. आख्खी वसाहत.”

स्वप्नांचा उलगडाही मग सोपा होता. अन्न पचवताना जंतू एक द्रव्य सोडतो, त्याने मेंदूतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला गुंगी येते. झोपेत शरीराला आपलं ओझंच जाणवत नाही.

दुखणं परत आलं नव्हतं. हेमांगी खुर्चीत बसून ढसाढसा रडली, आणि मुजावर खिडकीबाहेरचे फुगे मोजल्यासारखं करत राहिला.

जंतू मारायचं औषध होतं, पण शेजारून पुन्हा विरजण आलं की सगळं मुसळ केरात. सगळ्या वसाहतीने एकाच दिवशी दही टाकून द्यायला हवं होतं. सभेत बरीच कुरकुर झाली. एवढ्या वर्षांनी कंबर दिसायला लागली, आणि तीही फुकटात! शिंत्रे वहिनींनी मागे खुर्चीत बसलेल्या अप्पांकडे नीट पाहिलं, उठल्या आणि घरी जाऊन भांडं मोरीत पालथं केलं. मग एकेक जण उठला. सगळ्यांनी औषध घेतलं, भांडी उकळली आणि कोमट दुधात मिरचीचे देठ घालून नव्याने दही लावलं.

अहवाल हेमांगीने पुन्हा लिहिला: ‘पीस’ काम करतं, कंपनी म्हणते त्याहून जास्त करतं. पण एकाने घेतलं की शेजाऱ्यालाही ते न मागता मिळतं, त्याला सोसो वा न सोसो. विकत घेऊ नये.

अप्पांच्या अंगावर हळूहळू मूठभर मांस चढलं. एका संध्याकाळी ते जेवत असताना तिने कौतुकाने तसं म्हटलंही.

“चढलं ना? बरं झालं,” अप्पा म्हणाले. “रात्री मात्र आता खालीच असतो मी. गुडघे ठणकतात, कूस बदलतो, पहाट होते.” मग त्यांनी विचारलं, “हेमा, ती पुडी घेण्यासारखी आहे का गं?”

दिवसभर याच प्रश्नाची उत्तरं देऊन तिचं पोट भरत होतं. अहवालातलं शेजाऱ्यांचं वाक्य सांगता आलं असतं. पण अप्पा शेजाऱ्यांबद्दल विचारत नव्हते. तरंगत तरंगत संपून जाणं त्यांना पत्करलं असतं, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि तिला त्यांचा भयंकर राग आला.

“तुमच्यासाठी असेलही, अप्पा,” ती म्हणाली. “पण मला तुम्ही खाली हवे आहात.”

अप्पांनी ताट जवळ ओढलं आणि आणखी अर्धी भाकरी वाढायला सांगितली.