जिभेला चिकटलेलं हाड

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण जेवताना वाचू नका.

यंदाच्या फेब्रुवारीतली दुपार. तलासरी तालुक्यातलं उधवा. गावाबाहेर हिरूदादांच्या शेतात एक टेकाड आहे, भोवती दगडांचं रिंगण. हजारो वर्षांपूर्वीचं दफन असावं. मी आणि माझा सहकारी सुनिल त्याची मोजणी करून नकाशा काढत होतो. खणायचं नव्हतं. फक्त नोंद.

घरी डहाणूला माझं बाळ होतं, अंगावर पिणारं. त्यामुळे मला लवकर आटपायची घाई.

टेकाडावर घुशीने माती उकरली होती. त्यात एक पांढरट तुकडा.

"दगड आहे," सुनिल म्हणाला.

"हाड आहे. पैज?"

आमच्या कामात हे ओळखायची एक घाणेरडी रीत आहे. तुकडा जिभेला लावायचा. दगड सुटतो. जुनं हाड चिकटतं.

मी लावला.

चिकटला.

आणि मग... ओढ लागली.

कोणीतरी माझी जीभ चोखत होतं.

हिसडा मारून मी तो फेकला. तोंडभर चव पसरली. भिजत घालून विसरलेल्या सुकटीसारखी, गोडसर, बुळबुळीत. मी थुंकले. थुंकी मातीवर पडली आणि...

खालून मिटक्या ऐकू आल्या.

सुनिलच्या हातातून टेप गळली. बांधावरून हिरूदादा ओरडले, "बाय, उतर तिथनं! तोंड धू पहिलं!"

धुतलं की! घरी येऊन मीठ, लिंबू, दारूच्या गुळण्यासुद्धा केल्या. शी! चव गेली नाही. डॉक्टरांना तोंडात काही दिसत नाही. वास मात्र सगळ्यांना येतो.

हे दुधात उतरलं तर? त्या दिवसापासून मी बाळाला अंगावर घेतलं नाही. पापीसुद्धा नाही. ते माझ्याकडे हात पसरून रडायचं, मी दारातूनच बघायची. स्वतःच्याच तोंडाची किळस येत होती. पण बाळ तरी वाचलं, असं मनाला समजावत होते.

परवा सासूबाई त्याला वरणभात भरवत होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला.

बाळ मला बघून हसलं...

दारापर्यंत वास आला.

त्याच्या तोंडाचा.

सासूबाईंनी नाकाला पदर लावला. मी जाऊन त्याला उचललं. आता लांब ठेवून तरी काय उपयोग?

इतक्या दिवसांनी ते माझ्या कुशीत शिरलं, गालाला तोंड घासू लागलं.

आणि मला... माझ्याच लेकराच्या वासाने ओकारी आली.