पाखऱ्याच्या वाटचं पाणी

पटो न पटो, हे घडलेलं आहे. लातूर जिल्हा नवा झाला त्या कोरड्या सालात, गंजगोलाईमागच्या गल्लीत, दिवेलागणीच्या वेळी.

मारोतीकाका, माझे सख्खे चुलते, तिथं पुरुषांचे बूट शिवायचे. बाभळीच्या सालीत मुरवलेलं कातडं, मेण चोळलेला दोरा आणि गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम घडवलेलं लाकडी कलबूत, म्हणजे पायाचा साचा. मशीनचं नाव काढलं तरी चिडायचे.

आणि आमच्या घरची एक रीत होती. नवं कातडं कापण्याआधी त्यावर तांब्याभर पाणी ओतायचं... मेलेल्या जनावराच्या नावानं.

अण्णाराव गुरांच्या छावणीचा कारभारी. छावणीचा टँकर हा बहाद्दर स्वतःच्या बंगल्याच्या बांधकामावर रिकामा करायचा. सरजाबाई नावाच्या शेतकरणीचा देवणी बैल, पाखऱ्या, छावणीतल्याच कोरड्या हौदात तोंड घालून मेला.

त्याच पाखऱ्याचं कातडं कमावून घेऊन अण्णाराव दुकानात आला!

"मारोत्या, झेंड्याला सायबावानी बूट पायजेत."

काकांनी तांब्या उचलला.

"मानसाला मिळंना, अन् मेल्या बैलाला पानी?" अण्णारावानं तांब्या हिसकावला आणि घटाघटा पिऊन टाकला.

काकांचं डोकं भणाणलं. पण छावणीवाल्याशी वाकडं कोण घेणार? त्यांनी बूट शिवले. इतके देखणे बूट त्यांच्या हातून पुन्हा झाले नाहीत.

झेंडावंदन झालं. दुसऱ्या संध्याकाळी अण्णाराव खुरडत आला. ओठ फुटलेले.

"बूट निघंनात... पानी दे."

तो तांब्याभर प्यायला.

तहान तशीच.

आणि बुटातून आवाज आला...

घुट... घुट... घुट...

हौदावर बैल पितो तसा.

माठ संपला. काकांनी रापीनं बुटाचा टाका कापला. दुसऱ्या टाक्याला हात घातला, तोवर पहिला टाका... पुन्हा जागेवर!

काकांनी सरजाबाईला बोलावणं धाडलं. पाखऱ्याच्या वाटचं पाणी तिनं ओतलं तरच हा माणूस वाचेल, असं त्यांच्या मनानं घेतलं.

ती भरला तांब्या घेऊन आली.

"माय, वत," अण्णारावानं हात जोडले. "चुकलो."

तिनं वाकून बुटावर हात ठेवला. "पाखऱ्या?"

आवाज थांबला. बुटातून एक ऊन फुत्कार आला...

सरजाबाई उठली.

"लई हंबरला रे ह्यो. एका बादलीसाठी तुझे पाय धरले व्हते म्या. तवा हसलास."

तिनं तांब्या तोंडाला लावला. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

घुट... घुट... पुन्हा सुरू झालं.

अण्णाराव किंचाळत छावणीकडं पळाला. सकाळी तो सापडला... कोरड्या हौदात तोंड घालून. पाय उघडे. बूट कुणालाच मिळाले नाहीत.

काकांना त्याचं वाईट वाटलं नाही. "बरं झालं," ते चारचौघांत म्हणायचे. भीती मात्र मरेपर्यंत गेली नाही.

आता दुकान मी चालवतो. अण्णारावाचं कलबूत फळीवरच आहे. त्याच्याजवळ रोज पाखऱ्याच्या नावानं तांब्या भरून ठेवतो.

यंदा पुन्हा पाऊस नाही.

आज दुकान उघडलं... तांब्या रिकामा होता.