कॅमेऱ्यामागची जागा

मरोळ गावठाणातलं आमचं घर बिल्डरच्या ताब्यात द्यायच्या आदल्या दिवशी मी त्याचे फोटो काढले. शेजारची फ्लेविया पवईला कॉम्प्युटर शिकते. तिनेच सांगितलं होतं, "अंकल, प्रत्येक कोपऱ्यातून काढा. न्यूरल नेटवर्क त्यातून अख्खं घर उभं करतं. मग आत कुठूनही कुठेही बघा. फक्त मध्ये कोणी हलायचं नाही."

माझी बायको मॉनिका हल्ली सगळं विसरायची आणि घरभर फिरायची. मी वैतागून म्हणालो, "माझ्या मागे राहा गं. फोटोत येऊ नकोस."

अख्ख्या संसारात तिने माझं ऐकलं ते एवढंच. शेवटचा फोटो काढून वळलो, तर ती नव्हती.

पोलिसांनी विहीर पाहिली, स्टेशनं पाहिली. घर पडलं. मी नाहूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. जन्मभर विनोदी लेख लिहून पोट भरलं, आणि हरवल्याच्या जाहिरातीत 'अंगात फुलाफुलांचा गाऊन' याच्यापुढे काही सुचेना. एवढ्यावर कोण सापडतं?

शेवटी फ्लेवियाला धरलं. "तुझ्या त्या घरात बघू. कुठल्या दाराने गेली, ते तरी कळेल."

"आंटी एकाही फोटोत नाहीत, अंकल."

"तरी बघू ना."

स्क्रीनवर घर उभं राहिलं. ओटा, भिंतीवरचा क्रूस, स्वयंपाकघरातली काजळी. मी जिथे जिथे उभा राहून फोटो काढले, तिथे एकेक छोटी खूण. फ्लेवियाने स्क्रीनवरची नजर उलटी, कॅमेऱ्यामागे फिरवली.

प्रत्येक खुणेच्या मागे, हातभर अंतरावर, धुकं होतं. माणसाएवढं.

"त्या जागेचा फोटो नाही ना," ती म्हणाली. "मग नेटवर्क अंदाजाने काहीतरी भरतं."

"सगळीकडे एकाच उंचीचं?"

तिने पुढच्या खुणेवर क्लिक केलं.

धुक्याच्या मागोमाग आम्ही शेवटच्या खुणेपर्यंत गेलो. ते कुठल्याच दाराने गेलं नव्हतं.

मग मी या फ्लॅटचे फोटो काढले. मॉनिकाने हा फ्लॅट कधी पाहिलेला नाही. फ्लेविया नको म्हणत होती. मी हात जोडले.

फ्लॅट उभा राहिला. खुणा आल्या.

मागे धुकं.

मधलं हातभर अंतर उरलं नव्हतं. धुक्यात फुलं दिसत होती.

फ्लेवियाने लॅपटॉप मिटला. "येते, अंकल."

दारात चपला घालताना तिने वर पाहिलं. मग पुन्हा म्हणाली, हळू, माझ्या खांद्यामागे बघत.

"येते, आंटी."