दादाचा रक्तदाब

दादाच्या तोंडातली आणि मानेतली गाठ काढली, तेव्हा गालाच्या आतून त्याच्याच छातीची कातडी लावली होती. जखम भरली, पण त्या कातडीवर केस उगवायला लागले. तोंडाच्या आत, लाळेने चिकटलेले. धाकटी बहीण रोज शिवणाचं दुकान उघडण्याआधी बोटाला कापड गुंडाळून ते तोंड पुसायची, चिमट्यात केस धरून कापायची. नासल्या पाण्यासारखा वास दिवसभर नाकातून जायचा नाही. पण वडील गेल्यावर दादानेच तिला लहानाचं मोठं केलं होतं. ती चेहरा हसरा ठेवायची.

तोंडाने त्याला काही घेता येत नव्हतं. पोटात नळी होती. त्यात रक्तदाब ठिकाणावर येईना. दाब आवरणाऱ्या मानेतल्या नसा दुखावल्यात, डॉक्टरांनी समजावलं. आता मन जरा हललं तरी दाब चढेल. त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका, म्हणाले.

पण दादा गाढ झोपेत असतानाही दाब उसळायचा. हळूहळू तिच्या लक्षात आलं. मोरीत थुंकीचं भांडं विसळताना तिला ढवळून आलं, की आतल्या खोलीत दादाचा चेहरा लालबुंद व्हायचा. एकदा त्याच्या दंडाला यंत्राचा पट्टा बांधून ती मुद्दाम त्या केसांचा विचार करत बसली. आकडा चढला. मग दुकानातल्या कोऱ्या, इस्त्रीच्या कापडाचा विचार केला. उतरला.

दादा डोळे मिटून पडला होता.

तिने नर्सबाई ठेवल्या आणि दुसऱ्या गावी मावशीकडे निघून गेली. अगदी काडी झालीस, म्हणत मावशीने दुपारी तिला जेवायला बसवलं.

पहिला घास मऊ होता, कोमट, बुळबुळीत. तिला ते तोंड आठवलं. घास नुसता फिरत राहिला. गिळवेना, थुंकवेना.

फोन वाजला. दादांचा दाब एकाएकी चढलाय, नर्सबाई सांगत होत्या.

"आणि काहीतरी बोलताहेत. तुम्हालाच सांगा म्हणतात."

तिला तोंड उघडता येत नव्हतं.

"म्हणतात, तोंडात धरून बसू नकोस. गिळ."

तिने डोळे मिटून गिळलं.

पलीकडे पट्ट्यातली हवा सुटल्याचा आवाज आला.

"उतरला हो," नर्सबाई म्हणाल्या. मग दादाकडे कान देऊन, "आता दुसरा घास घे म्हणताहेत."