साडूच्या शेजारची सीट

सरका जवळ. ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या फोटोवाल्याच्या बाबतीत घडलेली आहे. मागच्या फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार.

गल्लीतल्या लोकांनी सहल काढली होती, दक्षिणेकडच्या एका जुन्या राजधानीची. जाऊन-येऊन एक दिवस. फोटोवाल्याबरोबर त्याचा साडू. साडू कसला, जिवाचा मैतर! एकाला ठेच लागली की दुसरा लंगडायचा. किल्ला झाला, तोफा झाल्या, शेवटी राजवाड्याचं तळघर. सगळ्यांच्या पायाचे तुकडे पडले होते. बसपाशी येताच साडूनं कपाळावर हात मारला.

"अरे, चष्मा खालीच राहिला!"

"तू चढ. मी आणतो. बस तेवढी थांबवून धर."

"तू आल्याशिवाय चाक हलू देणार नाही!"

दिवेलागणीची वेळ. पहारेकरी कुलूप घेऊन उभाच होता. त्याच्या हातापाया पडून फोटोवाला खाली उतरला. चष्मा कट्ट्यावरच होता. उचलला... आणि मागे कुणीतरी खाकरलं.

हुबेहूब त्याच्याच आवाजात.

वळला. कोणी नाही. पायऱ्यांवर मात्र पावलं वाजली. भरभर. वर.

तो धावत वर आला. पहारेकरी त्याच्याकडे बघतच राहिला.

"तुम्ही... आत्ताच गेलात की."

बस निघून गेली होती. त्यानं साडूला फोन लावला. साडूनं कापला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. भीती बाजूलाच राहिली हो, ते कापणंच त्याच्या काळजाला लागलं.

एसटी पकडून सकाळी तो थेट साडूच्या दारात. चष्मा त्याच्या हातावर ठेवला.

"का गेलास?"

"चष्मा नव्हता रे. कुणीतरी शेजारी येऊन बसलं, मला वाटलं तूच."

"आणि फोन?"

साडू चष्म्याच्या काचा पुसत राहिला.

"बोल ना!"

"फोन आला... डोळ्यांजवळ धरून तुझं नाव वाचलं, तेव्हा कळलं. तू फोनवर होतास. आणि तो... शेजारी."

"मग ओरडला का नाहीस? बस का नाही थांबवलीस?"

"तो म्हणाला, बस थांबवलीस तर तुझ्याच घरी उतरेन. माझ्या घरी!"

"मग?"

साडूनं मान खाली घातली.

"मी त्याला... माझ्याऐवजी तुझा पत्ता सांगितला."

फोटोवाल्याच्या पायाखालची जमीनच सरकली. घरी बायको एकटी! तो पळत सुटला. दार ठोठावलं. बायकोनं उघडलं. धडधाकट. रात्रभर घराकडे कोणी फिरकलंच नव्हतं. तो उंबऱ्यातच बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्या दिवसापासून साडूचं तोंड पाहिलं नाही त्यानं. बहिणी-बहिणी बोलतात. हे दोघे नाही.

मग तो बसमधला गेला कुठं, म्हणता?

बसच्या ड्रायव्हरला मी स्वतः विचारलं. म्हणाला, त्या सीटवरून उतरताना कुणालाच पाहिलं नाही. मग गाडीत नेऊन ती सीट दाखवली. मधोमध खोल दबलेली, कुणी बसल्यासारखी. बसच्या मालकानं नवा फोम घातला, वर नवं कव्हर चढवलं. बस रात्रभर कुलपात.

सकाळी उघडली... सीट पुन्हा दबलेली.