गुरुवारी चार वाजताचं गिऱ्हाईक

"बाबा, ती कोपऱ्यातली खुर्ची भिंतीकडे तोंड करून का ठेवलीये?"

एवढाच प्रश्न. पण तो विचारायची पैज लागली होती.

पुढे जे सांगणार आहे ते जसंच्या तसं घडलंय. मला तिखटमीठ लावून सांगायची खोड आहे, घरातलं कुणीही सांगेल. यात मात्र चिमूटभरसुद्धा लावलेलं नाही. गरजच पडली नाही.

जिच्या बाबतीत हे झालं ती माझी सख्खी मावसबहीण. वर्गात तिला सगळ्या 'तोफ' म्हणतात. ती एकदा सुटली की बाईंनाही आवरत नाही, म्हणून. जागा तिच्या बाबांचं सलून. वार गुरुवार.

आणि वेळ रात्रीची नव्हती...

भर दुपारचे चार.

त्याचं झालं असं, की शाळेत प्रकल्प होता, 'जगभरातल्या चालीरीती'. बाईंनी फळ्यावर काही लिहून दिलं होतं. कुठे माणूस गेला की घरातले आरसे झाकतात. कुठे खिडकी उघडतात, त्याला बाहेर पडता यावं म्हणून. कुठे त्याच्या चपला दाराकडे वळवून ठेवतात.

"आता प्रत्येकीने आपल्या घरातली नाहीतर घरच्या धंद्यातली एक तरी रीत आणायची," बाई म्हणाल्या. "पुस्तकातून उतरवायची नाही. विचारून आणायची."

"तुझ्या बाबांच्या दुकानात ती उलटी खुर्ची आहे ना? तिचं विचार," चष्मिश म्हणाली.

"तिचं नको. बाबा चिडतात."

"म्हणजे नुसतीच तोफ. आत दारूगोळा काही नाही," शिडी म्हणाली. शिडी म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच मुलगी.

झालं! त्याच संध्याकाळी तोफ दुकानात जाऊन विचारून मोकळी झाली.

बाबा चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासत होते. हात थांबला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तीन खुर्च्या. दोन आरशाकडे, एक भिंतीकडे. पूर्वी तिघं भाऊ तीन खुर्च्यांवर काम करायचे, आता बाबा एकटेच.

"ती कंडक्टरकाकांची," बाबा म्हणाले.

कंडक्टरकाका तिलाही माहीत होते. बसवर तिकिटं फाडण्यात आयुष्य गेलेलं. बावीस वर्षं, दर गुरुवारी, चारच्या ठोक्याला दाढीला यायचे. बसायचे आणि खुर्चीच्या हातावर बोटाने दोनदा वाजवायचे. टक टक. ड्रायव्हरला घंटी द्यावी तसं. ती घंटी झाल्याशिवाय बाबांनी ब्रश उचलायचा नाही.

दोन आठवड्यांपूर्वी ते गेले.

"नेहमीचं गिऱ्हाईक गेलं की त्याची खुर्ची चार पाळ्या उलटी ठेवायची. माझ्या बाबांनी ठेवली. त्यांच्या बाबांनी ठेवली."

"पण का?"

"गेलेल्या माणसाला आपला वार आठवतो गं. आपण गेलोय हे नाही आठवत. तो पाळीला येतो. बसायला जागा दिसली नाही की परत जातो. असा चारदा परत गेला, की त्याचं त्यालाच कळतं."

"आणि जागा दिसली तर?"

बाबांनी वस्तरा मिटला.

"तुला अभ्यास नाही का?"

दुसऱ्या दिवशी वर्गात तिने हे असं काही रंगवून सांगितलं, की बाई म्हणाल्या, फोटो आण. मग काय विचारता! तोफेची छाती दोन इंच फुगली.

पुढचा गुरुवार. तिसरी पाळी.

बाबांना ब्लेड आणि क्रीम आणायला बाजारात जायचं होतं. "अर्ध्या तासात येतो. कुणी आलं तर बाकावर थांबवून ठेव," एवढं सांगून ते गेले. पाच मिनिटांत चष्मिश आणि शिडी हजर.

उलट्या खुर्चीचे फोटो झाले.

"आता सरळ करून एक काढू," शिडी म्हणाली. "म्हणजे फरक कळेल."

"नको हं..." चष्मिश म्हणाली.

"दोन सेकंदांचं काम आहे. लगेच परत फिरवेन," तोफ म्हणाली.

खुर्ची जड होती. कुरकुरत फिरली. आरशासमोर आली.

इथवर ठीक होतं. खुर्ची परत फिरवता आली असती. पण मैत्रिणी समोर, मोबाइल रोखलेला, मग तोफ कसली गप्प राहतेय? तिने पांढरं कापड उचललं, बाबा झटकतात तसं फटकन झटकलं, कमरेत वाकली, आणि हुबेहूब बाबांच्या आवाजात म्हणाली,

"या काका, बसा!"

चष्मिश खिदळली.

मग थांबली.

फुस्स्स...

खुर्चीची गादी खाली गेली. हळूहळू. कुणीतरी जपून टेकावं तशी. मधोमध खळगा पडला.

रस्त्यावर हॉर्न वाजत होते, बाजूच्या दुकानातली इस्त्री वाफ सोडत होती, सगळं रोजचंच.

आणि मग...

टक टक.

चष्मिश आणि शिडी कधी पळाल्या, तिला कळलं नाही. शिडीची एक चप्पल दारातच राहिली. तोफेचे पाय मात्र हलेनात. कापडाचं एक टोक तिच्या हातात होतं. दुसरं खुर्चीच्या पाठीपर्यंत गेलं होतं, आणि ते खाली लोंबत नव्हतं.

आरशात ती एकटीच होती. पण काचेवर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तिथे, वाफेचा एक ठिपका धरत होता... विरत होता... परत धरत होता.

टक टक. या वेळी जरा जोरात.

बाबा आले. पिशवी दारातच टेकवली. खुर्चीकडे पाहिलं, खळग्याकडे पाहिलं. ओरडले नाहीत. तिला तेच जास्त लागलं. त्यांनी एकच विचारलं.

"बसा म्हणालीस? तोंडाने?"

तिने मान हलवली.

बाबांनी तिच्या हातातून कापड काढून घेतलं, तिला बाजूला सारलं, आणि खुर्चीमागे उभे राहिले.

"काका, जरा उशीर झाला. लगेच घेतो."

त्यांनी ब्रश भिजवला, फेस केला आणि हवेत टेकवला. फेस खाली पडला नाही. तिथेच राहिला. आधी एक गाल, मग दुसरा, मग हनुवटी. अर्धा चेहरा फेसाचा. वर काहीच नाही.

वस्तरा फिरू लागला. खर्र... खर्र... बाबांचा हात कधी चुकत नाही. त्या दिवशी चुकला. अंगठा कापला. त्यांनी तो शर्टाला पुसला आणि काम पुरं केलं.

"झालं काका," ते म्हणाले.

गादी वर आली.

वाटीतल्या पाण्यात फेस तरंगत होता, आणि त्यात दाढीचे बारीक खुंट. पांढरे.

घरी जाताना बाबा एवढंच म्हणाले, "तुझी काही चूक नाही. झोपताना विचार करत बसू नकोस."

पुढच्या गुरुवारी त्यांनी खुर्ची परत उलटी केली आणि दोरीने नळाला बांधली. तोफेला यायला बंदी होती, पण ती ऐकणाऱ्यातली नाही. इस्त्रीवाल्याच्या दुकानातून ती मधल्या जाळीतून बघत होती. चार वाजता बाबा गिऱ्हाइकासाठी पाणी आणायला वळले, परत फिरले, तर खुर्ची आरशाकडे. दोरीची व्यवस्थित गुंडाळी करून शेजारच्या बाकावर ठेवलेली.

टक टक.

आरशासमोर बसलेलं खरं गिऱ्हाईक अर्ध्या हजामतीत उठून गेलं, ते आजतागायत आलेलं नाही.

त्या दिवशी वाटीतले खुंट सगळे पांढरे नव्हते. मिठात मिरी पडावी, तसे काही काळे होते.

कंडक्टरकाकांच्या दाढीत काळा केस नव्हता. पंधरा वर्षं तरी नव्हता.

आमची मावशी, म्हणजे तोफेची आई, त्याच आठवड्यात हसत म्हणाली होती, "बरं झालं बाई, तुझ्या बाबांचे बेसिनमधले केस काढायचा माझा ताप गेला." तोफ पण हसली. मग तिच्या लक्षात आलं. बाबांनी आठ दिवस स्वतःची दाढी केलीच नव्हती.

आणि गाल गुळगुळीत होते.

संध्याकाळी तिने लाडात येऊन त्यांच्या गालाला गाल लावला. लहानपणी टोचायचा म्हणून ती ओरडायची. आता काहीच टोचलं नाही. गाल थंड होता. मेणासारखा.

त्यापुढच्या गुरुवारी दुकान उघडलंच नाही. कुलूप लावून सगळे घरी बसले. त्या दिवशी मी तिथेच होते. हे माझ्या कानांनी ऐकलंय.

आम्ही पत्ते खेळत होतो. तोफेचे बाबा दाराजवळच्या हाताच्या खुर्चीत बसणार होते, तेवढ्यात मावशीने त्यांना चहा दिला म्हणून ते उभेच राहिले. रिकाम्या खुर्चीच्या हातावर...

टक टक.

मावशीच्या हातातली बशी पडली. काकांनी, म्हणजे तोफेच्या बाबांनी, चहाचा कप शांतपणे टेबलावर ठेवला. आत गेले. वाटी, ब्रश, वस्तरा घेऊन आले. आमच्याकडे बघून म्हणाले, "पोरींनो, आतल्या खोलीत जा."

दाराच्या फटीतून मी पाहिलं नाही. तोफेने पाहिलं. मी फक्त ती 'खर्र... खर्र' ऐकत होते.

त्या दिवशी वाटीतले सगळे खुंट काळे होते.

आणि काकांचा कापलेला अंगठा... दोन आठवडे झाले होते. जखम तशीच होती, आत्ता कापल्यासारखी. खपली नाही. दुखत नाही. दाबलं तर रक्त येत नाही.

डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, गोळ्या घ्या.

काका आता फार चालत नाहीत. नखं कापावी लागत नाहीत. केस आहेत तेवढेच आहेत. त्यांच्यातलं काहीच पुढे सरकत नाही.

सोमवारी तोफेने आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा दर वेळी 'झालं काका' म्हणतात. मग ते परत का येतात?"

मावशी भांडी घासत राहिली.

"आई, मी विचारतेय."

"दुकानाचा नियम आहे," मावशी म्हणाली. नळ सोडलेलाच होता. "तिघं भाऊ होते ना, तेव्हापासूनचा. ज्याने गिऱ्हाइकाला 'बसा' म्हटलं, त्यानेच ते उठवायचं. मध्ये दुसऱ्याने हात घालायचा नाही. 'झालं' म्हणायचं तेही त्यानेच."

"म्हणजे..."

"म्हणजे ते बाबांचं ऐकणारच नाहीत." मावशीने तोंड फिरवलं. "बाबांना पहिल्या दिवशीच माहीत होतं गं. तुझं गिऱ्हाईक त्यांनी स्वतःवर घेतलंय. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीये मला."

आज बुधवार आहे. मी मावशीकडेच आहे. संध्याकाळपासून न्हाणीघरातून आवाज येत होते.

फट्!

थोड्या वेळाने परत...

फट्!

"काय फोडतेयस आत?" मावशी ओरडली. आतून परत फट्! 

आम्ही जेवायला बसलो तेव्हा ती बाहेर आली. कोपरापर्यंत फेस. एका हातात बाबांचा वस्तरा. दुसऱ्या हातात फुगवलेला लाल फुगा, ओला, चकचकीत, फेसाचा एक ठिपका नसलेला. तिने तो ताटांच्या मध्ये ठेवला.

"अकरा फुटले," ती म्हणाली. "हा बारावा. याची दाढी करून झाली, फुटला नाही."

"वस्तरा खाली ठेव आधी," मावशी म्हणाली.

काकांनी फुग्याकडे पाहिलं. मग मावशीकडे. तिने मान खाली घातली.

"सांगितलंस तिला," ते म्हणाले.

"बाबा, बसा मी म्हणाले होते. गिऱ्हाईक माझं आहे."

"माझं निम्मं आयुष्य झालंय. मला चालेल."

"मला नाही चालणार."

"अगं बाळा, ते दाढी नेत नाहीत." काकांचा आवाज फार बारीक झालाय हल्ली. "माणसात जे वाढतं, ते नेतात. माझ्यात आता वाढायचं होतं तरी किती? पण तू..."

मावशीनेच वाक्य पुरं केलं.

"तू अजून वाढतेयस गं."

पंख्याच्या वाऱ्याने फुगा ताटांमधून घरंगळला आणि टेबलाच्या कडेला जाऊन थांबला. कुणी धरला नाही. तोफ चौदा वर्षांची आहे. या वर्षात तिचे दोन गणवेश आखूड झालेत. मला वाटलं, ती आता रडेल. मनातून मला तेच हवं होतं.

तिने वस्तरा मिटला आणि खिशात ठेवला.

"आई, बाबा, उद्या मी शाळेत जाणार नाही. चार वाजता दुकानात मी उभी राहणार. एकटी. कंडक्टरकाकांची दाढी मी करणार, आणि 'झालं' मी म्हणणार. तुम्ही दोघांनी शटरच्या बाहेर थांबायचं. आतून काहीही ऐकू आलं तरी शटर वर करायचं नाही... मी स्वतः वर करेपर्यंत."