तिसरी हाक

धानोऱ्याची बस यायला अजून अर्धा तास होता आणि थांब्यावर ऊन तिरपं होऊन थेट डोळ्यांत येत होतं. एवढ्याच निमित्तानं ललिता समोरच्या कॉफी शॉपात शिरली.

रंजीताताईंचं ते शॉप गडचिरोली संपता संपता, धानोरा रोडवर आहे. पाच टेबलं, आणि मागे एक रुंद खिडकी. खिडकीला लागूनच सागाचं रान सुरू होतं. चैत्र लागत होता. सागाची वाळलेली पानं एकेक करून पडत होती, आणि तेवढं मोठं पान पडलं की कुणीतरी पाऊल टाकल्यासारखा आवाज होई. मोहाचा गोड, जड वास आत येत होता.

एका उंच स्टुलावर निकेश गिटार वाजवत होता. आरमोरीचा मुलगा, पुण्याला शिकायला गेला आणि जाझचं वेड घेऊन परत आला. हे संगीत एकट्यानं वाजवायचं म्हणजे एकाच माणसानं तिघांचं काम करायचं. अंगठ्यानं खालचे जाड सूर चालते ठेवायचे, मधल्या बोटांनी कॉर्ड भरायचे आणि वरच्या तारेवर गाणं गायचं. त्यात एक खेळही असतो. एक वाद्य हाक मारतं, दुसरं ओ देतं. निकेशजवळ दुसरं कुणी नव्हतं. म्हणून तो हाकेची ओळ दोनदा वाजवी, चार मात्रा नुसता थांबे... आणि पुढे जाई.

"भाऊ, मधीमधी विसरून जाता काय?" हेमराज नावाचं नेहमीचं गिऱ्हाईक दर शनिवारी विचारी, आणि सगळे हसत.

त्या दिवशी मात्र नव्या मुलीनं विचारलं, तेव्हा कुणी हसलं नाही.

"एकटेच वाजवता?"

"एकटाच."

"मंग थांबता कोनासाठी?"

निकेशनं मान वर केली. नर्सिंग ट्रेनिंगचा पांढरा कोट हातावर टाकलेला, दुसऱ्या हातात पळसाचं पान, आणि डोळे असे की उत्तर ऐकल्याशिवाय हलणारच नाहीत.

"ओ देणाऱ्यासाठी," तो म्हणाला. "अजून तरी कोनी दिली नाई."

"कोनी द्यावी वाटते काय तुमाले?"

"वाटते ना. तुमी देता काय?"

ती गोड हसली... पण लगेच तिची नजर खिडकीकडे गेली. ती उठली, खिडकी लावून घेतली आणि खिडकीजवळच्या टेबलाशी, त्याच्याकडे पाठ करून बसली.

"गरम होते ना बाई!" रंजीताताई ओरडल्या.

"होऊ द्या," ललिता म्हणाली.

निकेशनं डोळे मिटून हाकेची ओळ धरली. एकदा. दोनदा. मग तो थांबला — आणि त्या चार मात्रांत कुणीतरी ओ दिली! पान ओठांत धरून वाजवतात तसा बारीक, थरथरता सूर. अगदी बरोबर जागी. कुठूनतरी लांबून आल्यासारखा.

त्यानं डोळे उघडले. ललिता पाठमोरी. हातात पळसाचं पान.

मुलींनी लाजावं ते किती सुंदर लाजावं, असं त्याला वाटलं.

पुढचे तीन शनिवार ती आली. दर वेळी तेच टेबल, तीच बंद खिडकी, त्याच्याकडे पाठ. दर वेळी ओ येई, आणि दर वेळी जराशी जवळून. निकेश आठवडाभर त्या चार मात्रांसाठी रियाज करी. कॉफी पिताना तिला चिडवी, "पाठ करून बसता, चेहऱ्याचा नजराणा झाडाईले देता काय?"

"कोनीतरी तिकडं पाह्यलं पायजे," ती म्हणे.

"अन् माह्याकडं?"

"तुमच्याकडं कानानं पाहून राह्यली ना!"

रंजीताताई गाळणीआडून हसत. "निक्या, माह्यावाल्या कॉफीत तू साखर पाडून राह्यला बाप्पा."

पाचव्या शनिवारी ललिता पत्र्याची पेटी घेऊन आली. ट्रेनिंग संपलं होतं. सोमवारी धानोऱ्याच्या पलीकडल्या आरोग्य उपकेंद्रात हजर व्हायचं होतं. आता शनिवारची ही बस नाही, हे शॉप नाही. आज बोललो नाही तर संपलं, एवढं निकेशला कळलं.

पेटीमुळे खिडकीजवळचं टेबल अडलं. खिडकी लावून ती पहिल्यांदाच त्याच्या समोर बसली. म्हणून त्यानंही पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून वाजवलं.

हाक. पुन्हा हाक. मग शांतता.

ललिताच्या ओठांना कप लागलेला होता. ती कॉफीचा घोट घेत होती.

आणि ओ आली. खिडकीच्या अगदी खालून.

निकेशची बोटं तारांवरच राहिली. बाहेर सागाचं एक पान पडलं. मग दुसरं... एका रेषेत, खिडकीकडे येणारं.

"तुमी नव्हत्या?" त्यानं विचारलं.

"एकदाबी नाई."

"मंग कोन हाये ते?" तो उठून खिडकीकडे निघाला. ललितानं त्याचं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता, पण पकड घट्ट.

"बसा. मी काऊन येते इथी दर शनवारी? बसा म्हनलं ना!" ती हळू बोलली. "आमच्या रानात मोह वेचताना माणसं एकमेकाले तीनदा हाक मारतात. दोन हाका कोनाच्याबी असतात, रानातल्या त्याच्याबी; तिसरी माणूसच मारते. म्हनून माणूस तिसऱ्या हाकेलेच ओ देते. माह्या बुधरी आजीचा भाऊ बासरी वाजवे. दोनदाच. ओ आली, पाहाले गेला... बासरी भेटली, तो नाई. तुमी पहिल्या दिवशी दोनदा वाजवून थांबले, तवाच माह्या अंगावर काटा आला."

"मंग आधी काऊन नाई सांगितलं?"

"शिकलेले तुमी. हसले असते." तिनं मान खाली घातली. "अन् तुमाले वाटे, मीच ओ देते. ते... मले चांगलं वाटे."

निकेश स्टुलावर बसला. हाक मारली. पुन्हा मारली. खिडकीखाली काहीतरी श्वास धरून होतं. चार मात्रांची जागा आली, आणि ती रिकामी न सोडता त्यानं हाक तिसऱ्यांदा वाजवली.

बाहेर काहीच झालं नाही. वारासुद्धा थांबला होता. मग पानं पुन्हा वाजली... लांब जाणारी.

ललितानं पेटीवरचं पळसाचं पान उचलून ओठांत धरलं आणि ओ दिली. सूर जरा चढा लागला, मधेच फाटला. निकेशला वाटलं, इतकं खरं आपण आजवर काही ऐकलं नाही.

"बेसूर गेली," ती लाजत म्हणाली.

"जाऊ द्या. तुमची हाये ना."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. ललितानं पेटी उचलली. निकेश गिटार ठेवून, चपला शोधून बाहेर येईस्तोवर ती निम्मा रस्ता ओलांडून गेली होती. उजेड राखाडी झाला होता. कंडक्टरनं पेटी वर घेतली.

"ललिता!"

ती थांबली नाही.

"ललिता!"

तिनं दांड्याला हात घातला. तिसऱ्यांदा हाक मारायला निकेशनं तोंड उघडलं... आणि धीरच झाला नाही. तिनं ओ दिली नाही तर? ती शेवटचीच हाक.

एवढ्यात ललिता वळली. चेहरा उजळलेला.

"ओ!" ती हसत म्हणाली. "दिली बाप्पा ओ. मोजून तिसऱ्या हाकेले."

निकेशनं दोनदाच हाक मारली होती.

तिच्यामागे बस, आणि बसमागे साग. झाडांत काही हलत नव्हतं. मोहाचा वास मात्र एकदम दाट झाला. ललितानं दांडा सोडला होता आणि ती तिसरी हाक आली त्या दिशेनं, रस्त्याच्या कडेकडे, अर्धी वळली होती.

तो धावत तिच्या आणि झाडांच्या मधे जाऊन उभा राहिला. तिचे दोन्ही हात धरले, आणि सगळ्या बसला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडला, "ललिता! ललिता! ललिता!"

"अरे, दिली ना ओ!" ती 'अहो' विसरून गेली होती. "बस पाहून राह्यली पुरी. पागल झाला काय तू?"

"पुन्हा दे. मले दे."

तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. हसू तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरलं. तिनं त्याच्या खांद्यावरून एकदा सागाकडे नजर टाकली, आणि बोटं त्याच्या बोटांत घट्ट अडकवली.

"ओ," ती म्हणाली. अगदी हळू, फक्त त्याला ऐकू येईल एवढी.

"चला ना बाई, लवकर!" कंडक्टर खेकसला.

बसमध्ये एक माणूस जास्त चढला, तिची बोटं न सोडता. गिटार त्या रात्री रंजीताताईंच्या शॉपातच राहिली, बंद खिडकीपाशी.